इमान, इतबार आणि मोरीखालचा नळ

घर दाखवायला निघालेला माणूस पाहुण्याला काय काय दाखवतो? दर्शनी दरवाजा, बैठकीची खोली, नव्याने बसवलेली फरशी, गच्चीवरून दिसणारा डोंगर. मोरीखालून जाणारा सांडपाण्याचा नळ आजवर कोणी कोणाला कौतुकाने दाखवलेला नाही. दाखवणार तरी कसा? तो जमिनीत पुरलेला असतो. घरातल्या माणसांचे आरोग्य ज्याच्या भरवशावर असते, तो नळ घरमालकालाही एकदा घर बांधताना दिसतो आणि दुसऱ्यांदा दिसतो तो बिघडल्यावर.

माझा प्रश्न या दुसऱ्या वेळेचा आहे. नळाला तडा गेला, फरशी उचलली, खड्डा खणला, दुरुस्ती झाली आणि वर पुन्हा माती लोटली. आतले काम चोख झाले की वरवर उरकले, हे त्यानंतर कितीतरी वर्षे कोणाला कळणार नाही. मग ते चोख का करावे? कोणासाठी करावे? प्रश्न साधा आहे, पण नीतीचे बरेच अवघड प्रश्न याच जातीचे असतात. चार लोकांसमोर नीट वागायला फारशी नीती लागत नाही, लाज पुरते. लाज जिथे पोचत नाही, तिथे माणसाला धरून ठेवणारे काय असते?

हा प्रश्न भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांच्या मातीत उभा राहून विचारावा असे मला वाटते. वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका झाले आहे, पण लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. सह्याद्रीच्या कुशीतला हा मुलूख. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी, आंबी या नद्या इथल्या डोंगरांतून उतरतात. भोरजवळ वेळवंडीवर १९२८ साली पुरे झालेले भाटघरचे धरण आहे. पुढच्या काळात नीरा-देवघर आणि गुंजवणी झाली. वेल्ह्याच्या हद्दीत आंबी नदीवर पानशेत आहे. अडवलेल्या आणि सोडलेल्या पाण्याच्या संगतीत जगणारा हा भाग आहे. गावे उतारावर वसलेली. वरच्या घराचे पाणी खालच्या घराजवळून जाणार, हे इथे सांगावे लागत नाही. १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या भोर शहरात तर जुनी घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. एकाची भिंत दुसऱ्याची सोबतीण असते, आणि एकाची मोरी दुसऱ्याच्या पायाशी असते.

जुन्या घरांतला नळ बहुधा चिनी मातीचा असतो. दोन-दोन फुटांचे तुकडे एकात एक बसवलेले, सांध्यांत डांबरात बुडवलेला काथ्या आणि वरून सिमेंट. अशा नळाचे आयुष्य मोठे असते, पण त्याला वाकता येत नाही. खालची माती एका ठिकाणी खचली, वरून जास्त भार आला, पायाच्या भिंतीतून नळ नेताना भोवती मोकळीक ठेवली नाही, किंवा पिंपळ-उंबराचे मूळ ओलाव्याचा माग काढत सांध्यात शिरले, की तडा जातो. तड्यातून पाणी बाहेर जाते एवढेच आपल्याला ठाऊक असते. त्याहून वाईट गोष्ट उलट दिशेने घडते. बाहेरची भिजलेली बारीक माती तड्यातून नळात शिरते आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते. रोज चिमूटभर. नळाभोवती पोकळी होते. पोकळीमुळे नळाचा आधार जातो, तडा वाढतो, अजून माती जाते. वरची फरशी मात्र बरेच दिवस जागची हलत नाही. ती हलते तेव्हा खाली फार काही उरलेले नसते.

आता असे एक घर डोळ्यांसमोर आणू. उतरत्या आळीतले, तीन-चार पिढ्यांचे. मालक एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ. आळी त्यांना चाचा म्हणते. माडीवर एक भाडेकरू कुटुंब. खालच्या अंगाला एका एकट्या म्हातारीचे घर. तिला सगळे आक्का म्हणतात. आक्काच्या परसात जुना आड आहे. नळाला पाणी आले नाही की ती आडाचे पाणी काढते. दोन वर्षांपासून आक्काच्या स्वयंपाकघराची मागची भिंत उन्हाळ्यातही वाळत नाही. इकडे चाचांच्या मोरीजवळची शहाबादी फरशी पाय ठेवला की डुगडुगते आणि दुपारच्या वेळी वास येतो. चाचांनी मिस्त्री बोलावला. त्याने फरशी उचलली, हात घालून पाहिले आणि म्हणाला, “चाचा, नळ दोन ठिकाणी तडकलाय. माती पार वाहून गेलीय.”

मिस्त्रीने तीन पर्याय सांगितले. पहिला, पोकळीत मुरूम भरायचा, वरून सिमेंट ओतायचे आणि फरशी बसवायची. एका दिवसाचे काम. दुसरा, तडकलेल्या दोन जागांना भोवतीने काँक्रीटचा वेढा द्यायचा. दोन दिवस. तिसरा, मोरीपासून चेंबरपर्यंत सगळा नळ काढायचा, खाली नवी बैठक करायची, ढाळ नीट देऊन नवा नळ टाकायचा. आठवडाभर मोरी बंद, भाडेकरूंची गैरसोय आणि खर्च पहिल्याच्या कितीतरी पट.

“पहिलं केलं तर काय होईल?” चाचांनी विचारले.

“तुमच्याकडे वास येणार नाही. फरशी बसणार नाही. चार-पाच वर्षं बघायला नको.”

“आणि आक्काची भिंत?”

“ती ओलीच राहील. पण ती तुमच्या नळामुळं ओली आहे, हे कोण सिद्ध करणार?”

मिस्त्री वाईट माणूस नाही. त्याने तीनही पर्याय सांगितले, काही लपवले नाही. आयुष्यभर लोकांनी त्याला एकच प्रश्न विचारला आहे, स्वस्तात कसे होईल, आणि त्याचे उत्तर तो प्रामाणिकपणे देतो. पण त्याच्या शेवटच्या वाक्यात आपला सगळा प्रश्न आला आहे. जे सिद्ध होणार नाही, त्याची जबाबदारी असते का?

एक उत्तर तयारच असते. घर माझे, नळ माझा, खर्च माझा, तेव्हा निर्णयही माझा. या उत्तराला वजन आहे. दुसऱ्याच्या घरात काय करावे हे सांगणाऱ्या माणसांचा आपल्याला कंटाळा असतो, आणि तो रास्त असतो. पण सांडपाण्याच्या नळाबाबत हे उत्तर टिकत नाही. नळ माझ्या मालकीचा असला, तरी त्याच्यातून जाणारे पाणी माझ्या हद्दीत राहण्यासाठी मी त्याला सोडलेलेच नाही. ते माझ्याकडून जावे म्हणूनच तर नळ घातला. नळ धड असेल तर ते ठरलेल्या जागी जाते, फुटला तर न ठरलेल्या जागी जाते. दोन्ही वेळा जाते दुसऱ्याकडेच. म्हणून घराखालचा नळ ही घरातली सर्वांत कमी खाजगी वस्तू आहे. माझी कपाटे, माझी भांडी, माझ्या भिंतीचा रंग याच्याशी शेजाऱ्याला देणेघेणे नाही. माझ्या मोरीखालच्या नळाशी आहे.

याचा जगातला सर्वांत प्रसिद्ध दाखला लंडनचा आहे. १८५४ सालच्या ऑगस्टअखेरीस तिथल्या सोहो भागात ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास पटकीची साथ भडकली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या जागा मांडून दाखवले की बहुतेक जण एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पीत होते. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही सांगतात. पुढची गोष्ट फार कमी सांगितली जाते. पंपाच्या विहिरीत घाण आली कुठून? पुढे हेन्री व्हाइटहेड या तिथल्या तरुण पाद्र्याच्या शोधातून चाळीस नंबरच्या घराकडे बोट गेले. त्या घरात साथीच्या सुरुवातीलाच एक तान्हे मूल जुलाबाने आजारी पडून गेले होते. त्याच्या आईने दुपटी धुतलेले पाणी घरासमोरच्या मैलाकुंडीत ओतले होते. खणून पाहिले तेव्हा त्या कुंडीचे आणि मोरीच्या नाल्याचे विटांचे बांधकाम कुजून सैल झालेले आढळले. कुंडी आणि विहीर यांच्यात तीन फुटांचेही अंतर नव्हते.

या गोष्टीत खलनायक नाही. आजारी लेकराची दुपटी धुणाऱ्या आईला कोण दोष देईल? घरमालकालाही खालच्या विटा सैल झाल्याचे ठाऊक नसेल. वाईट हेतू कोणाचा नव्हता, तरी मृत्यू शेकड्यांनी झाले. आपल्याला नीतीचा विचार हेतूपासून सुरू करण्याची सवय आहे. नियत साफ असली की माणूस सुटला, असे आपण मानतो. नियतीला महत्त्व आहेच. पण जमिनीखालच्या कामात नियत साफ असणे पुरत नाही, वीट घट्ट असावी लागते. आणि एकदा वीट सैल असल्याचे कळले, की त्यानंतर हेतू निर्दोष राहू शकत नाही. त्या आईला ठाऊक नव्हते. चाचांना आता ठाऊक आहे. फरशी उचलली त्या क्षणी दोघांतला हा फरक पडला.

आपल्याकडे तर विहीर असण्याचीही गरज नाही. बहुतेक गावांत पिण्याचे पाणी दिवसातून ठरावीक वेळ येते. पाणी चालू असते तेव्हा नळात दाब असतो आणि काही आत शिरत नाही. पाणी बंद झाले की नळ रिता होतो, आतला दाब पडतो आणि सांध्यांतून बाहेरचे ओढले जाते. शेजारून गळकी गटार जात असेल तर पहिल्या हंड्यात तीच येते. पावसाळ्याच्या तोंडावर एखाद्या आळीत कावीळ आणि गॅस्ट्रो पसरतो, तेव्हा कुठेतरी असे दोन नळ शेजारी-शेजारी सापडतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले, तेव्हाही पहिला संशय दूषित पाण्यावरच आला. पानशेतहून पुण्यात शिरणारा रस्ता याच भागातून जातो.

आणि पानशेतचे नाव आले की वेल्ह्याच्या माणसाला १२ जुलै १९६१ आठवतो. ती दुर्घटना आपण पूर म्हणून लक्षात ठेवली आहे. पण तिची सुरुवात पाहिली तर ती मोरीखालच्या नळाचीच गोष्ट आहे, फक्त आकार फार मोठा.

पानशेत हे मातीचे धरण. अशा धरणाच्या पोटातून पाणी सोडण्यासाठी एक बांधीव नळ काढलेला असतो. १९६१ च्या पावसाळ्यात धरणाचे आणि दारांचे काम अपुरे असतानाच पाणी साठवायला सुरुवात झाली. पाऊसही असा की १८ जून ते १२ जुलै या काळात १७७८ मिलिमीटरची नोंद झाली. अर्धवट उघड्या दारातून पाणी धडका देत, हिसके देत नळातून जाऊ लागले. नळाच्या कमानीला तडे गेले. तड्यांतून धरणाची माती आत ओढली जाऊन वाहू लागली. नळाच्या वरचा धरणाचा माथा खचत गेला. अखेरच्या अडीच तासांत तो मीटरभराहून अधिक खाली बसला. मग पाणी त्या खचलेल्या जागेवरून वाहिले आणि धरण गेले. खाली खडकवासल्याचे एकोणिसाव्या शतकातले दगडी धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. मुठेच्या काठची पुण्याची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. पोलादाच्या टंचाईमुळे त्या नळाच्या बांधकामात सळया घातल्या गेल्या नव्हत्या, हेही पुढे लिहिले गेले. आधी बावडेकर आयोग आणि नंतर नाईक आयोग, अशा दोन चौकश्या झाल्या.

चाचांच्या मोरीखाली रोज चिमूटभर माती ज्या रीतीने जाते, त्याच रीतीने पानशेतची माती गेली. निसर्गाचा नियम घर आणि धरण असा भेद करत नाही. पण मला पानशेतमधून दोन गोष्टी घ्यायच्या आहेत आणि त्या अभियांत्रिकीच्या नाहीत.

पहिली गोष्ट जवानांची. धरण खचते आहे हे कळल्यावर लष्कराचे जवान आले आणि आदल्या रात्री पावसात, अंधारात त्यांनी धरणाच्या माथ्यावर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले. पोती वाहून गेली. मग ते काम वाया गेले का? धरण रात्री, पुणे झोपेत असताना फुटले असते तर काय झाले असते, याचा विचार केला की उत्तर मिळते. त्या पोत्यांनी धरण वाचवले नाही, काही तास वाचवले, आणि त्या तासांत दिवस उजाडला. दुरुस्ती टिकली की नाही एवढ्यावरच तिची किंमत ठरत नाही. तिने कोणाला किती अवधी दिला, हेही मोजावे लागते. चाचांकडे आज पैसे नसतील आणि त्यांनी दोन तड्यांना काँक्रीटचा वेढा देऊन एक पावसाळा काढला, तर ते अनैतिक नाही. ते पोती रचणे आहे. फक्त पोती रचणाऱ्याने धरण पक्के झाले असे म्हणू नये.

दुसरी गोष्ट सांगण्याची. पुण्याच्या लोकांना धोक्याची सूचना वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, ही तक्रार त्या पुरातून वाचलेल्या माणसांनी आयुष्यभर केली. घर गेल्याचे दुःख माणूस पचवतो. ठाऊक असूनही आपल्याला सांगितले नाही, हे पचत नाही. यावरून मला जबाबदारीचा एक क्रम दिसतो, आणि तो गरिबातल्या गरिबालाही पाळता येण्यासारखा आहे.

‘परवडत नाही’ ही अडचण खरी आहे. नीतीवर लिहिणारे लोक तिला बगल देतात, म्हणून त्यांचे लिहिणे पुस्तकात राहते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला संपूर्ण नळ बदलणे जड आहे. म्हणून पैशाचा प्रश्न आधी घेऊच नये. आधी फुकटात होणारे काम करावे. चाचांनी त्याच संध्याकाळी आक्काकडे जावे आणि सांगावे, “आक्का, आमचा नळ फुटलाय. तुमची भिंत बहुतेक त्यामुळंच ओली आहे. आडाचं पाणी सध्या पिऊ नका.” याला एक पैसा लागत नाही. लागते ती वेगळी गोष्ट. आक्का उद्या भिंतीचा खर्च मागेल, आळीत चर्चा होईल, दोन वर्षांच्या ओलीचा दोष पदरात येईल. सिद्ध न होणारी गोष्ट आपणच सिद्ध करून द्यायची, हे अवघड आहे. पण पिण्याचे पाणी आणि मैला यांचा प्रश्न असताना गप्प राहणे ही बचत नव्हे. तो खर्च आक्काच्या नावावर टाकणे आहे, आणि तोही तिला न विचारता.

सांगितल्यानंतर थांबवणे येते. फुटलेल्या नळात पाणी सोडणे शक्य तितके कमी करावे. माडीवरच्यांना सांगून काही दिवस धुण्याचे पाणी उघड्या गटारीकडे वळवावे. आणि मग दुरुस्ती. एकदम नाही जमली तर टप्प्याटप्प्याने, भाडेकरू आणि शेजारी यांच्याशी बोलून, पण पूर्ण होईपर्यंत. सांगणे, थांबवणे, दुरुस्त करणे. आपण बहुधा हा क्रम उलटा लावतो. दुरुस्तीला पैसे जमले की सांगू, असे म्हणतो. पैसे जमत नाहीत आणि सांगणेही राहून जाते.

आतापर्यंत मालकाबद्दल बोललो. आता खड्ड्यात उतरणाऱ्याबद्दल बोलले पाहिजे, कारण चोख काम शेवटी त्याच्या हातून व्हायचे असते. या कामाबद्दल आपली वृत्ती विचित्र आहे. ते गलिच्छ म्हणून आपण त्याला कमी लेखतो, कमी लेखतो म्हणून कमी पैसे देतो, आणि मग अपेक्षा मात्र अशी करतो की कोणी पाहत नसताना त्याने जीव ओतून काम करावे. उर्दू-फारसीत झाडूवाल्याला आणि मैला वाहणाऱ्याला ‘हलालखोर’ म्हटले जाई; म्हणजे हलालची, कष्टाची कमाई खाणारा. हे नाव अकबराने रूढ केले अशी नोंद अबुल फजलच्या ‘आईने अकबरी’त आहे. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात तर मैला वाहण्याच्या कराचे नावच ‘हलालखोर कर’ होते. नाव इतके सन्मानाचे, पण ज्यांना ते मिळाले त्यांच्या हातचे पाणी कितीजणांनी प्यायले? जातपात न मानणाऱ्या आपल्या समाजातही हलालखोरांची वस्ती आणि पंगत वेगळीच राहिली. शब्द बदलून काम भागले असते तर अकबराच्या काळातच भागले असते.

आता कायदा बदलला आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा मैलाटाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला, आणि हा नियम खाजगी घरमालकालाही लागू आहे. अशा कामात मृत्यू आल्यास वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात ही रक्कम तीस लाख केली. तरी माणसे मरतातच. टाकीत साठलेला वायू दिसत नाही, आणि ज्याला आत पाठवले तोही आपल्याला पुरता दिसत नाही. मोरीखालच्या नळाचा विचार करताना हा माणूस विचारातून सुटला, तर बाकीच्या नीतीला अर्थ राहत नाही. आक्काची भिंत वाचवण्यासाठी दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणे हाही तडाच आहे, फक्त दुसऱ्या जागी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मातीआड जाणारे काम चोख का करावे?

मराठीत एक सुंदर जोडशब्द आहे, इमानेइतबारे. दोन्ही शब्द अरबीतून फारसीमार्गे आले आणि मराठीत इतके रुळले की आज कोणी त्यांना परके म्हणणार नाही. ‘इमानेइतबारे चाकरी केली’ असे आपण सहज म्हणतो आणि ते एकाच अर्थाचे दोन शब्द आहेत असे समजतो. पण ते एकाच अर्थाचे नाहीत. अरबीत ईमान म्हणजे श्रद्धा. मराठीत येऊन इमान म्हणजे निष्ठा, आतली सचोटी झाली. इतबार म्हणजे भरवसा, पत. आणि ती नेहमी दुसऱ्याने आपल्यावर ठेवलेली असते. इमान माणसाच्या आत असते. इतबार दोन माणसांच्या मध्ये असतो. एकट्या माणसाला इमान असू शकते, इतबार असू शकत नाही.

न दिसणाऱ्या कामाचे बंधन फक्त इमानावर टेकवले, तर ते माणसाच्या मर्जीवर राहते. आज मन साफ आहे, उद्या उधारी वाढली की मन म्हणते, चालेल. खरे बंधन इतबारातून येते. आक्का रात्री त्या भिंतीला पाठ लावून झोपते. तिने चाचांचा नळ पाहिलेला नाही, पाहणारही नाही. न पाहता ती झोपू शकते, याचाच अर्थ तिने भरवसा ठेवला आहे. काम दिसत नाही म्हणून बंधन कमी होते, असे आपल्याला वाटते. हिशेब उलटा आहे. जे काम दिसते त्याची तपासणी ज्याची त्याला करता येते, भिंत वाकडी असली तर आक्का स्वतः सांगेल. जे दिसत नाही तिथे तिच्याकडे भरवशाखेरीज काहीच नाही. म्हणून झाकलेल्या कामात बंधन जास्त असते. पुण्याच्या माणसाला पानशेतच्या पोटातला नळ कधी दिसणार होता? तो त्याच्या भरवशावर झोपला होता.

पण इतबार म्हणजे डोळे मिटून ठेवलेला विश्वास असेही नाही, आणि हे मला गवंड्यांच्या रीतीत दिसते. चांगला मिस्त्री नळ टाकून झाला की लगेच माती लोटत नाही. आधी खालची बैठक धुम्मसाने ठोकलेली असते. चार इंची नळाला चाळीस फुटांत फूटभर ढाळ, असा दोरी आणि पाण्याच्या नळीने तपासलेला उतार असतो. मग तो नळाचे खालचे तोंड बंद करतो, वरपर्यंत पाणी भरतो, पाण्याच्या पातळीवर खूण करतो आणि थांबतो. तासा-दोन तासांनी पातळी तेवढीच असेल तर सांधे कोरडे आहेत. मग थराथराने माती भरायची, प्रत्येक थर ठोकून. ही पाण्याची परीक्षा म्हणजे साधी पण मोठी नैतिक शोधयुक्ती आहे. मिस्त्रीच्या मनात काय आहे हे कोणाला दिसत नाही, पण पाण्याची पातळी सगळ्यांना दिसते. झाकण्याआधी एकदा सर्वांसमोर पाहून घ्यायचे. शक्य असेल तर आक्कालाही बोलवावे. तिने खूण पाहावी. ज्याच्या भरवशावर काम होते, त्याला पाहण्याचा हक्क निदान एकदा तरी मिळावा.

यात मिस्त्रीचा अपमान नाही. उलट त्याच्या कामाला साक्षीदार मिळतो. ज्याचे काम कायम मातीखाली जाते, त्याला कौतुकाचे दोन शब्द ऐकायची संधी कधी येते? पाणी न हललेल्या त्या दोन तासांत येते. आणि अशा मिस्त्रीला तीन दिवसांच्या कामाची मजुरी देताना घासाघीस करणाऱ्या मालकाने इमानाची भाषा करू नये. इतबार दोन्ही बाजूंनी असावा लागतो.

माती लोटण्यापूर्वी आणखी एक काम करावे असे मला वाटते. नळ कुठून कुठे गेला, किती खोल आहे, सांधे कुठे आहेत, भिंतीपासून किती हातांवर आहे, याचा साधा नकाशा कागदावर काढावा. आता मोबाइलवर फोटोही घेता येतो, तो छापून घ्यावा. त्यावर तारीख घालावी आणि कागद खरेदीखताच्या पिशवीत ठेवावा. नवा नळही कधीतरी तडकेल. तेव्हा चाचा नसतील, आक्का नसेल, मिस्त्रीही नसेल. घरात कोण राहत असेल, कोणत्या जातीचे, कोणत्या भाषेचे, हे आज सांगता येत नाही. त्या अनोळखी माणसाला सगळे घर उकरावे लागू नये. पिशवी उघडून त्याने कागद पाहावा आणि नेमक्या जागी पहार लावावी.